हिल्लाच्या मापाची बर्फगाडी

सुरुवात अंगठ्यापासून झाली. ऑस्मोच्या मुलीचा, हिल्लाचा, उजवा अंगठा बुडापासून टोकापर्यंत अठ्ठेचाळीस मिलिमीटर भरला, आणि आजोबांच्या जुन्या बर्फगाडीच्या हँडलवर एक्सिलरेटरची जी खटकी असते, तिच्यापर्यंत नीट पोचायला बासष्ट मिलिमीटरचा अंगठा लागत होता. ऑस्मोने दोन्ही आकडे चौकटीच्या वहीत एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

"झालं," तो बायकोला म्हणाला. "सगळा प्रश्न चौदा मिलिमीटरचा आहे."

काइसू कपबशा पुसत होती. लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या कुठल्या वाक्यापुढे काय वाढून ठेवलंय, हे बाईला वासावरून कळतं.

"मिको देतोय ना त्याची छोटी गाडी?" ती म्हणाली. मिको म्हणजे तिचा चुलतभाऊ. "मुलांसाठीच बनवलेली आहे, दोन वर्षं नुसती पडून आहे. रविवारी सकाळी आणायची, संध्याकाळी परत."

"उसनी गाडी कशाला? घरात एक उभी आहे."

"घरात पियानोपण उभा आहे, ऑस्मो. तोही तू दुरुस्त केलायस."

ऑस्मोने वही मिटली. पियानोचा विषय त्या घरात संपलेला होता.

पार उत्तरेतल्या त्या गावात एप्रिलच्या पहिल्या रविवारी गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची स्पर्धा असते. मोठी माणसं बर्फात वीतभर भोक पाडून त्यात गळ सोडतात, चार तास एकमेकांशी एक शब्द न बोलता बसतात आणि संध्याकाळी घरी जाऊन सांगतात की फार धमाल आली. मुलांना हे पटत नाही. म्हणून त्यांच्यासाठी तळ्याच्या कडेला फीत बांधून चारशे मीटरचं रिंगण आखतात आणि दहा वर्षांपुढची मुलं त्यात बर्फगाडीच्या तीन फेऱ्या मारतात. हिल्ला आता अकरा वर्षांची होती. गेल्या वर्षी तिला गोवर झाला होता, त्यामुळे ही तिची पहिली फेरी.

आणि मिकोमामाची गाडी नको, असं तिनेच सांगून टाकलं.

"मी वर्गात सांगितलंय," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या गाड्या दुकानातल्या आहेत. माझी माझे बाबा माझ्या मापाची बनवताहेत."

"सगळ्यांना सांगितलंस?"

"हो. बाईंनापण. त्या म्हणाल्या, सोमवारी सगळ्यांना दाखव फोटो."

ऑस्मोची छाती त्या क्षणी किती मिलिमीटर फुगली, हे वहीत लिहिलेलं नाही. पण माणूस शास्त्राचा पदवीधर असला, पालिकेचा सुरक्षा निरीक्षक असला, तरी अखेर बापच असतो. मिकोला त्याच संध्याकाळी फोन करून नको म्हणून सांगण्यात आलं. मराठीत याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्या गावात यासाठी शब्द नाही; तिथे अशा वेळी माणसं नुसती खिडकीबाहेर बघतात, आणि काइसूने तेच केलं.

गाडी सासऱ्यांची होती. ओइवा चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्म जंगलतोडीत गेलेला. गाडी तेवीस वर्षांची, पिवळी. पुढे दोन स्की, मागे दातेरी रबरी पट्टा, मध्ये बाकासारखी लांब सीट. तिच्यावरून त्यांनी ओंडके ओढले होते, मारलेली हरणं आणली होती, आणि एकदा बाळंतपणाला निघून वाटेत बर्फात अडलेल्या सुईणीलाही आणलं होतं. ऑस्मोने गाडी मागितली तेव्हा त्यांनी किल्ली टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

"काय करणार जावईबापू?"

"थोडे बदल. सीट खाली घेतो, हँडल जवळ आणतो, खटकी आखूड करतो आणि वेगावर मर्यादा घालतो. फेरीत ताशी वीसच्या वर जायला परवानगी नाही."

"हं," ओइवा म्हणाले.

इथे या 'हं'बद्दल थोडं सांगायला हवं. ऑस्मो हेलसिंकीचा, म्हणजे दक्षिणेतल्या राजधानीचा. गावात येऊन त्याला चौदा वर्षं झाली होती, म्हणजे गावाच्या हिशेबाने तो परवाच आला होता. दक्षिणेत माणसं चूक दिसली की चूक आहे म्हणतात. इथे तसं म्हणणं म्हणजे समोरच्याच्या अंगावरचे कपडे ओढण्यासारखं. इथे शेजारी येतो, गॅरेजच्या दारात खिशात हात घालून उभा राहतो, पाच-सात मिनिटं बघतो, 'हं' म्हणतो आणि जातो. तो सल्ला असतो. ऑस्मोने चौदा वर्षांच्या निरीक्षणातून 'हं'चे चार प्रकार वेगळे काढले होते, पण एकाचाही अर्थ त्याला खात्रीने सांगता येत नव्हता. आणि शंका असली की तो 'हं'ला होकार समजायचा. शास्त्रीय शिस्तीत हे बसत नाही, पण स्वतःच्या कामाबद्दल शास्त्रीय शिस्त पाळणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

शेजारचा उन्तो पहिल्याच दिवशी हजर झाला. हा सरकारी बर्फ-नांगरावरचा निवृत्त ड्रायव्हर. चाळीस वर्षं रस्त्यावरचं बर्फ बाजूला सारून झाल्यावर आता तो रस्त्याकडे नुसता बघायचा. तो आला तेव्हा ऑस्मो काइसूच्या पाव कापायच्या सुरीने सीटमधला फोम कापत होता. मोजमाप पक्कं होतं: हिल्लाच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची, गुडघ्यापासून कमरेपर्यंतची, बसल्यावरचा कोन. नऊ सेंटिमीटर फोम जायला हवा होता. तेवीस वर्षांत त्या फोमने पाणी, डिझेल आणि मासे यांचा जो अर्क पिऊन ठेवला होता, तो आता गॅरेजभर दरवळला.

"ब्रेडची सुरी?" उन्तोने विचारलं.

"दात बारीक आहेत तिचे. सरळ कापते."

उन्तो सहा मिनिटं बघत राहिला. "हं," म्हणाला आणि गेला.

नऊ सेंटिमीटर फोम गेला, पण वरचं आवरण पूर्वीच्याच मापाचं होतं. ते ओढून पिना मारल्यावर जे तयार झालं, ते म्हाताऱ्या हत्तिणीला मागून पाहिल्यासारखं दिसत होतं. ऑस्मोने पाय ठेवायच्या जागी लाकडाचे दोन ठोकळे बसवले, हँडल खाली आणि मागे घेतलं, खटकीचं टोक कापून घासलं आणि शनिवारी हिल्लाला बोलावलं.

ती पूर्ण पोशाखात आली. आत लोकरीचा जाड नमदा घातलेले बूट, जाड कापसाची विजार, त्यावर एकसंध डगला, हेल्मेट, आणि मेंढीच्या कातड्याचे हातमोजे, ज्यांत चार बोटं एका पिशवीत आणि अंगठा दुसऱ्या पिशवीत असतो. ती गाडीवर बसली. तिचे गुडघे हँडलच्या वर आले. उजव्या मोज्याखाली खटकी दिसेनाशी झाली, आणि डाव्या मोज्याला ब्रेक सापडेना.

ऑस्मोच्या तेव्हा लक्षात आलं की त्याने मापं घरात घेतली होती. त्या देशात घरात कोणी बूट घालत नाही. हिल्लाची सगळी मापं लोकरीच्या पायमोज्यांत, पातळ पायजम्यावर, उघड्या अंगठ्याने घेतलेली होती. त्याने ज्या मुलीच्या मापाची गाडी बनवली होती, ती मुलगी दिवाणखान्याबाहेर अस्तित्वात नव्हती.

"बाबा, मी बेडकासारखी दिसतेय का?"

"नाही," ऑस्मो म्हणाला. "तू सुरक्षित दिसतेस."

दाराशी उभ्या असलेल्या काइसूने खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला. गॅरेजला खिडकी नव्हती, म्हणून ती आत निघून गेली.

ठोकळे काढले. तंबूत अंथरायच्या गादीचा पाच सेंटिमीटरचा तुकडा सीटमध्ये परत घातला, त्यामुळे हत्तिणीला पोकही आलं. कापलेल्या खटकीला ॲल्युमिनियमची पट्टी जोडून ती होती त्याहून लांब केली. म्हणजे चौदा मिलिमीटरचा मूळ प्रश्न आता उलट्या दिशेने नऊ मिलिमीटरचा झाला होता. हिल्ला शेजारी बसून पाने-पेचकस हातात देत होती आणि एकदाही हसली नाही. उलट मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ऑस्मोने तिला म्हणताना ऐकलं, "नाही गं, वेळ लागतो. माझे बाबा मोजून करतात."

मग वेगाची मर्यादा. खटकीच्या मागे एक स्क्रू बसवला की ती ठरावीक अंतरापलीकडे दाबली जात नाही; इतकं सोपं. गाडीचा जास्तीत जास्त वेग ऐंशी, हवा आहे वीस, म्हणजे पाव भाग. ऑस्मोने खटकीच्या एकूण प्रवासाचा बरोबर पाव भाग मोजून स्क्रू घट्ट केला आणि हिल्लाला अंगणात गाडीवर बसवलं. इंजिन सुरू झालं. तिने खटकी दाबली. इंजिन मांजरासारखं घुरघुरत राहिलं. गाडी जागची हलली नाही.

"चालू आहे का?" ऑस्मोने विचारलं.

"चालू आहे."

"दाबलीस?"

"पूर्ण दाबलीय." हिल्लाने हेल्मेटची काच वर केली. "बाबा, क्लचचा पट्टा पकडायला इंजिन आधी जोरात फिरावं लागतं. त्याच्याखाली कितीही दाबलं तरी गाडी उभीच राहते. आजोबांनी दाखवलंय मला."

"अर्थात," ऑस्मो म्हणाला. "मी तेच तपासत होतो."

कुंपणापलीकडून 'हं' ऐकू आलं.

चार दिवस स्क्रू पाव फेरा सैल, अष्टमांश फेरा घट्ट असं चाललं. स्क्रू जरा घट्ट झाला की गाडी घुरघुरत उभी राहायची, आणि जरा सैल झाला की कुंपणाकडे झेपावायची. शेवटी मधली एक अगदी चिंचोळी जागा सापडली, जिथे पट्टा जेमतेम पकडत होता आणि गाडी वीसच्या आसपास धावत होती. ऑस्मोने ती जागा वहीत दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत लिहून ठेवली.

आता फक्त फॉर्म राहिला होता.

मुलांच्या फेरीत बदल केलेली गाडी आणायची तर पालिकेचा फॉर्म भरावा लागतो. त्यातलं सहावं कलम म्हणतं की वेगमर्यादेचा स्क्रू निरीक्षकाने तपासून त्याला शिशाचं सील लावावं. सातवं म्हणतं की कार्यक्रम संपेपर्यंत सील तोडल्यास गाडी बाद. नववं म्हणतं की गाडी निरीक्षकाच्या नातेवाइकाची असल्यास त्याने स्वतः सील लावू नये. अतिशय नेटका फॉर्म होता. तीन वर्षांपूर्वी ऑस्मोनेच तो तयार केला होता.

त्याचा मदतनीस सुट्टीवर गेला होता. ऑस्मोने वरिष्ठांना फोन केला.

"साहेब, नवव्या कलमात थोडी सूट..."

"ते कलम तुझ्याच आग्रहाने घातलं ना? मी म्हणालो होतो, एवढ्याशा गावात कोण कोणाचा नातेवाईक नाही?"

"ते मिकोसाठी घातलं होतं."

"बरं मग," साहेब म्हणाले, "आता तुझ्यासाठी झालं."

शेजारची पालिका नव्वद किलोमीटरवर. शुक्रवारी पहाटे उठून, गाडी ट्रेलरवर चढवून, रजा टाकून ऑस्मो तिथे पोचला तेव्हा साडेआठ वाजले होते. तिथली निरीक्षक इर्या ही पन्नाशीची, सावकाश बाई. तिने आधी फॉर्म वाचला. दोन्ही बाजूंनी वाचला.

"हा कोणी बनवला?"

"आमच्याकडे बनवलाय."

"आमच्याकडे म्हणजे कोणी?"

"मी."

इर्याने चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग हत्तिणीकडे पाहिलं. तिने हिल्लाच्या वजनाइतकी वाळूची पोती सीटवर बांधायला लावली. एका हाताने खटकी पूर्ण दाबून ऑस्मो गाडीशेजारी पळाला, म्हणजे जितका वेळ पळवलं तितका वेळ पळाला, आणि मग खटकी सोडून दिली. रात्री पारा उणे चौदावर गेला होता. पालिकेच्या डेपोमागच्या मैदानातलं बर्फ सिमेंटसारखं टणक, वर खणखणीत पापुद्रा. त्यावर बूटसुद्धा उमटत नव्हता. इर्याच्या वेग मोजायच्या यंत्रावर आकडा आला साडेएकोणीस.

"नियमात आहे," इर्या म्हणाली. तिने तार ओवली, शिसं दाबलं. ट्रेलरपाशी येऊन तिने विचारलं, "रविवारी किती वाजता आहे फेरी?"

"दुपारी एकला."

"हं," इर्या म्हणाली.

ऑस्मोने आभार मानले.

रविवारी ऊन पडलं. एप्रिलमधलं उत्तरेचं ऊन हे वरून एकदा आणि बर्फावरून एकदा असं दोनदा लागतं. सकाळी सातला तळ्यावरून माणूस चालत जाऊ शकत होता. दुपारी बारापर्यंत पारा अधिक चारवर आला आणि तोच माणूस पोटरीपर्यंत रुतू लागला. गावातलं शेंबडं पोरही जाणतं की वसंतात सकाळचं बर्फ आणि दुपारचं बर्फ हे दोन वेगळे पदार्थ आहेत. ऑस्मोही जाणत होता. त्याला हे भौतिकशास्त्राच्या दोन समीकरणांसकट माहीत होतं. फक्त त्या आठवड्यात त्याचं सगळं ज्ञान एका स्क्रूभोवती फिरत होतं.

ओइवांनी गाडी आपल्या दुसऱ्या बर्फगाडीमागे दोराने बांधून तळ्यावर आणली होती. दीडशेएक माणसं, सॉसेज भाजायची शेकोटी, कॉफीचं पिंप. उन्तोच्या हातात माईक होता. वर्षभर 'हं' म्हणणारा हा माणूस माईक हातात आला की थांबत नसे. फितीच्या आत सहा गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. पाच चकचकीत, छोट्या, कारखान्यातून आलेल्या. सहावी पिवळी.

"ही बघा माझी," हिल्ला वर्गातल्या मुलींना सांगत होती. "सीट, हँडल, सगळं माझ्या मापाचं. सील लावायलासुद्धा नव्वद किलोमीटर नेली होती." तिने हेल्मेटमधून बापाकडे बघून अंगठा दाखवला. मोज्यातला.

ही शर्यत नाही, असं फॉर्मवर ठळक अक्षरात छापलेलं होतं. मुलांनी फॉर्म वाचला नव्हता. झेंडा पडला आणि पाच गाड्या बर्फ उडवत निघून गेल्या. सहावी घुरघुरली, थरथरली, आणि मग, जणू कोणीतरी मागून बोलावल्यासारखी नाइलाजाने, पुढे सरकू लागली.

मागचा दातेरी पट्टा मऊ बर्फात रुतत होता. इंजिन जोर मागत होतं, पण स्क्रू पलीकडे दाबू देत नव्हता. चिंचोळी जागा टणक बर्फावर सापडली होती. पाणावलेल्या बर्फात ती नव्हतीच. पहिल्या वळणापाशी जळक्या रबराचा वास आला. बाकीच्यांची एक फेरी झाली, त्यांनी हिल्लाला मागे टाकलं. दुसरी झाली, पुन्हा टाकलं. फितीबाहेर मासेमारांसाठी नांगरलेली वाट होती, तिच्यावरून ब्याऐंशी वर्षांच्या लेम्पीआजी उभ्याने ढकलायच्या खुर्ची-घसरगाडीवर पावाची टोपली ठेवून चालल्या होत्या. त्याही एका पायाने ढकलत हिल्लाच्या बरोबरीला आल्या, जरा वेळ सोबत राहिल्या आणि पुढे गेल्या.

"काही निरोप आहे का गं पुढे?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी मायेने विचारलं होतं, पण दीडशे माणसांनी ऐकलं.

ऑस्मोच्या खिशात पेचकस होता. स्क्रू दीड फेरा सैल केला असता तर काम झालं असतं. दहा सेकंदांचं काम. पहिली फेरी पुरी करून हिल्ला त्याच्यासमोरून गेली तेव्हा ती इतकी हळू होती की त्याला तिच्या शेजारून चालता आलं असतं.

"बाबा," ती हेल्मेटमधून म्हणाली, "थोडं सैल होईल का?"

"सील आहे, हिल्ला."

"तोड ना ते शिसं!" शेकोटीपाशी कोणीतरी ओरडलं. "आम्ही तिकडे बघतो!" आणि खरोखरच वीस-पंचवीस माणसांनी पाठ फिरवली. शेकोटीभोवतीचं सगळं गाव त्याच्यासाठी नियमाकडे पाठ करून उभं होतं. ऑस्मो पेचकसाची मूठ धरून उभा राहिला. सातवं कलम त्याला तोंडपाठ होतं. त्याची मुलगी त्याच्यासमोरून पुढे सरकत गेली, सावकाश, बराच वेळ.

चारशे मीटरला तीन मिनिटं सव्वीस सेकंद. नको नको म्हणत असतानाही त्याच्या डोक्याने भागाकार केला: ताशी सात.

इतर मुलं उतरून रस पिऊ लागली तरी हिल्लाची तिसरी फेरी चालूच होती. ती थांबली नाही, मधेच उतरली नाही. फीत ओलांडून आली तेव्हा हेल्मेट काढल्यावर तिचा चेहरा लाल झाला होता. उन्तो माईक घेऊन पोचला.

"आली, आली! काय गं पोरी, दुखणं कुणाला होतं? गाडीला की तुला?"

वर्गातल्या मुली बघत होत्या. बाईही बघत होत्या. हिल्लाने एकदा बापाकडे पाहिलं. मग ती माईकमध्ये म्हणाली, "मलाच. मला वेगाची भीती वाटते. बाबा जोरात पळणारी करणार होते, मीच म्हटलं हळू ठेवा."

गेल्याच हिवाळ्यात लाकडाच्या वखारीच्या छपरावरून खालच्या बर्फात उडी मारणारी मुलगी ती हीच, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ओइवांनी टोपी काढली आणि टोपीच्या आत पाहिलं. उन्तो 'हं'सुद्धा म्हणाला नाही.

ऑस्मोला आपली सुटका झालेली कळली. काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं या गावात कोणाला खटकलं नसतं. तो चार सेकंद गप्प राहिला. या चार सेकंदांची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटायची, कारण त्यांतल्या तिसऱ्या सेकंदाला त्याला खरोखर बरं वाटलं होतं.

मग त्याने पुढे होऊन माईक घेतला.

"खोटं आहे हे," तो म्हणाला. "हिला कशाचीच भीती वाटत नाही. चूक माझी आहे. मी मर्यादा सकाळच्या बर्फावर ठरवली."

इथे थांबला असता तर माणूस निभावला असता. पण कबुली द्यायची तर पूर्ण द्यावी, अशी त्याची शिस्त. त्याने ओल्या बर्फातलं घर्षण सांगितलं. क्लच किती फेऱ्यांवर पकडतो ते सांगितलं. पायमोज्यांतल्या मापांबद्दल कोणी विचारलं नव्हतं, तेही सांगितलं. पाच मिनिटांनी माणसं सॉसेजकडे वळली. दहा मिनिटांनी माईकची बॅटरी संपली.

तो वळला तेव्हा हिल्ला त्याच्या मागे उभी होती.

"बाबा, काय केलंत हे?"

"मी खरं सांगितलं. माझ्यासाठी तू बोल लावून घेऊ नयेस म्हणून."

"पण मी आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना!" तिचा आवाज फाटला. "आधी नुसती हळू होते. आता हळू आणि खोटारडी!"

ऑस्मोने उत्तर शोधलं, पण ते कुठल्याच कलमात नव्हतं.

पांगापांग सुरू झाली. उन्तो पिंप उचलता उचलता शेजारी येऊन उभा राहिला. "मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"पाच वेळा तरी 'हं' म्हणालो असेन." तो खरोखर दुखावलेला दिसत होता. "आणखी किती ओरडायचं माणसाने?"

ओइवांनी दोर आणला. "जावईबापू, बांधतो मागे. तिघं मिळून जाऊ."

"नको," ऑस्मो म्हणाला. "मी चालवत आणतो."

"तू? हिच्यावर?"

"हो."

"मी चालत येते," हिल्ला म्हणाली. फितीबाहेर चालवायचं तिचं वय नव्हतं, आणि दोघांपैकी कोणाच्याही मागे बसायची तिची इच्छा नव्हती. ओइवांनी दोर गुंडाळला आणि ते आपल्या गाडीवरून निघून गेले.

घर पलीकडच्या काठावर, दीड किलोमीटर. ऑस्मो गाडीवर बसला. त्याचे गुडघे कानांपाशी आले. सील तोडायला आता कोणाचीही हरकत नव्हती, कार्यक्रम संपला होता. पेचकस खिशात टोचत होता. पण जे तिच्यासाठी तोडलं नाही, ते स्वतःचे गुडघे लवकर घरी न्यायला तोडायचं, हे त्याच्याने होईना. त्याने इंजिन सुरू केलं आणि खटकी दाबली. हिल्लाच्या वजनावर गाडी ताशी सात जात होती; त्याच्या चौऱ्याऐंशी किलोंवर ती चारने निघाली. काठावर गाव उभं होतं आणि हात हलवत होतं. कोणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं.

हिल्ला जुन्या स्कीच्या मागावरून, तिथलं बर्फ जरा घट्ट होतं, भराभर पुढे गेली. शंभरेक पावलांवर ती थांबली. वळली नाही, हेल्मेट काखेत धरून समोरच्या काठाकडे बघत उभी राहिली. गाडी घुरघुरत जवळ आली तशी ती पुन्हा चालू लागली आणि पुन्हा पुढे गेली. मग पुन्हा थांबली.

ऑस्मोला तिला गाठायचं होतं. काय बोलायचं ते त्याने अजून ठरवलं नव्हतं, पण आधी शेजारी पोचायला तर हवं होतं. त्याने पुढे वाकून खटकी जाईल तितकी, शेवटपर्यंत दाबली. ती जिथपर्यंत जायची तिथपर्यंतच गेली.